वहीतला नवा रकाना

दुपारची भांडी आवरून, निवडायला धान्य घेऊन, रेडिओ जवळ ओढून बसलेल्या सगळ्याजणींना आम्हा बचत गटाच्या बायकांचा नमस्कार. घरात शाळेत जाणारी लेक असेल तर तिलाही आज जवळ बसवा. आजचं बोलणं तिच्यासाठीपण आहे.

सुरुवात आमच्या गटाच्या वहीपासून करतो. पाच वर्षांपूर्वीची एक नोंद आहे. कर्ज ३० हजार रुपये, हप्ता दीड हजार, कारण आजारपण. खाली आमच्या एका ताईची सही आहे. त्या दिवशी आम्ही तिची बचत पाहिली, आधीचं कर्ज फिटलंय का ते पाहिलं, दोन जामीनदार घेतले आणि पैसे दिले. आजार कसला, हे एकीनंही विचारलं नाही. मीटिंगमधून उठताना ती साडीचा मागचा भाग चाचपून पाहायची, हे आमच्यापैकी तिघी-चौघींनी पाहिलं होतं. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी तिच्या अंगावरून लाल जात होतं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. दवाखान्यात गेली तेव्हा तो पसरलेला होता. चार हप्ते आले. पाचव्या महिन्यात तिच्या घरी आम्ही हप्ता मागायला नाही, भेटायला गेलो. उरलेली रक्कम गटानं वाटून घेतली आणि वही मिटली.

आमचा हिशोब चोख होता. पण विचारायचा प्रश्न आम्ही विचारला नाही. म्हणून आज कॅन्सरच्या संशोधनात काय काय कळलंय आणि येत्या काही महिन्यांत आपल्याला काय करता येईल, त्याच्या बातम्या घेऊन आलो आहोत.

संशोधन म्हटलं की आपल्याला पांढरे कोट आणि परदेशातल्या काचेच्या इमारती दिसतात. पण पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल आज जगाला जे ठाऊक आहे, त्यातला मोठा भाग आपल्याच बाजूच्या गावांतून गेलाय. बार्शी, परांडा, भूम, धाराशिव. लुगडं नेसणाऱ्या, ज्वारी काढणाऱ्या बायकांकडून गेलाय.

बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना माहीत असेल. तिथं १९८७ साली खेडेगावांतल्या कॅन्सरची नोंद ठेवायला सुरुवात झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं त्यात होती. खेड्यांसाठी अशी नोंदवही देशात पहिल्यांदाच सुरू झाली. नोंद ठेवणारी माणसं दवाखान्यात बसून राहिली नाहीत. ती गावोगाव गेली, चावडीत, देवळाच्या ओट्यावर बसली आणि कोणती लक्षणं दिसली तर घरी थांबायचं नाही, हे सांगत फिरली. काही वर्षांनी त्याच नोंदींतून दिसलं, की पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आधीपेक्षा लवकरच्या पायरीला सापडू लागलाय. नुसतं सांगितल्यानं, विचारल्यानं एवढा फरक पडला.

त्यानंतर एक मोठा अभ्यास झाला. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं, आता धाराशिव. १९९९ साली सुरुवात झाली. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. गावांचे ५२ गट केले आणि त्यांची चार भागांत वाटणी केली. एका भागात एचपीव्ही नावाच्या विषाणूची तपासणी केली. दुसऱ्या भागात काचेच्या पट्टीवर पेशी घेऊन पाहिल्या. तिसऱ्या भागात पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं सौम्य औषध लावून डोळ्यांनी पाहिलं. चौथ्या भागातल्या बायकांना माहिती दिली, तपासणी मात्र दिली नाही.

मग आठ वर्षं या बायकांवर लक्ष ठेवलं. २००९ साली निकाल छापून आला आणि तो जगभर वाचला गेला. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या ३४ हजारांवर बायकांत या कॅन्सरनं ३४ जणी गेल्या. तपासणी न मिळालेल्या ३१ हजारांवर बायकांत ६४ जणी गेल्या. एका तपासणीनं मरण जवळपास निम्म्यावर आलं. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्हीची तपासणी पहिली निवड म्हणून सांगते, त्यामागच्या पुराव्यांत हा आपल्या गावांतला पुरावा आहे.

पण मैत्रिणींनो, ६४ हा आकडा ऐकून पुढे जाता येत नाही. या अभ्यासावर पुढे डॉक्टरांच्या मासिकांतून आणि वर्तमानपत्रांतून वाद झाला. तपासणीनं रोग लवकर सापडतो हे माहीत असताना चौथ्या भागातल्या बायकांना ती का दिली नाही, असा प्रश्न विचारला गेला. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं होतं, की त्या काळी खेड्यात कुणालाच तपासणी मिळत नव्हती आणि तुलना केल्याशिवाय कोणती पद्धत उपयोगी हे कळलं नसतं. कोण बरोबर, याचा निकाल लावण्याइतक्या आम्ही मोठ्या नाही. आम्हाला एवढंच वाटतं, की ही माहिती फुकट मिळालेली नाही. आपल्यासारख्या बायकांनी तिची किंमत मोजली आहे. आता ती कपाटात पडून राहिली, तर तो त्यांचा अपमान होईल.

दुसरी बातमी मुंबईची. टाटा हॉस्पिटलनं १९९८ साली तिथल्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. इथंही अर्ध्या बायकांना तपासणी आणि अर्ध्यांना फक्त माहिती दिली होती, आणि इथंही तोच प्रश्न विचारला गेला. यात तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायका होत्या, त्यांना काही आठवड्यांचं शिक्षण दिलं होतं. त्यांनी ते सौम्य औषध लावून दर दोन वर्षांनी, चार वेळा तपासणी केली. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं होणारी मरणं ३१ टक्क्यांनी कमी झाली. त्याच बायकांनी हातानं छातीचीही तपासणी केली. २०२१ साली त्याचा वीस वर्षांचा निकाल आला. ५० वर्षांवरच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारी मरणं जवळपास ३० टक्क्यांनी घटली होती. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तेवढा फरक दिसला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

या दोन अभ्यासांतून आपल्या उपयोगाची एक गोष्ट निघते. धाराशिवला औषध लावून डोळ्यांनी पाहायची तपासणी एकदाच केली होती, तेव्हा मरणांत ठळक घट दिसली नव्हती. मुंबईत तीच तपासणी पुन्हा पुन्हा केली, तेव्हा दिसली. आपल्या सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी हीच तपासणी मिळते. म्हणून 'मागं एकदा केली होती बाई, आता कशाला' असं म्हणायचं नाही. बोलावलं की पुन्हा जायचं.

तिसरी बातमी लेकींसाठी. हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो. त्याचा अर्थ बाईची चाल वाईट असा मुळीच नाही. संसार करणाऱ्या कुठल्याही बाईच्या अंगात तो कधी ना कधी येऊ शकतो. बहुतेकींच्या अंगातून एक-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. थोड्याजणींत तो राहतो आणि पुढं दहा-वीस वर्षांनी त्याचा कॅन्सर होऊ शकतो. एवढा लांब वेळ मिळतो, म्हणूनच हा रोग आधी पकडता येतो आणि लसीनं टाळताही येतो.

या लसीच्या अभ्यासातही बार्शी आणि पुणे होतं. २००९ साली देशात अनेक ठिकाणी १० ते १८ वयाच्या मुलींना लस द्यायला सुरुवात झाली. काहींना दोन डोस द्यायचे होते, काहींना तीन. मध्येच, एप्रिल २०१० मध्ये, सरकारनं काम थांबवलं. आंध्र आणि गुजरातमध्ये या लसीचं वेगळंच एक काम चालू होतं आणि तिथं काही मुली दगावल्याच्या बातम्या आल्या होत्या. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं दिसलं नाही. पण मुलींच्या आई-वडिलांची परवानगी घेण्यात चुका झाल्या होत्या, हे पुढं आलं.

काम थांबल्यामुळे जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी सगळ्या मुलींची विचारपूस मात्र सोडली नाही. मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली. साधारण दहा वर्षांनी तपासलं, तर एक डोस घेतलेल्या मुलींनाही या विषाणूच्या सगळ्यात घातक दोन जातींपासून दोन-तीन डोस घेतलेल्यांइतकंच संरक्षण मिळालेलं दिसलं. २०२१ साली हे छापून आलं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की मुलींना एक डोससुद्धा पुरू शकतो. अर्धवट राहिलेल्या कामातून जगातल्या गरीब देशांना स्वस्त वाट सापडली, आणि ती दाखवणाऱ्या मुलींत आपल्या बार्शीच्याही मुली होत्या.

आता पुण्याच्या सीरम कंपनीची आपल्या देशात तयार झालेली लसही २०२३ पासून आली आहे. दुकानात तिच्या एका डोसला साधारण दोन हजार रुपये पडतात. ९ ते १४ वयाच्या मुलींना ही लस मिळावी म्हणून प्रोत्साहन देऊ, असं केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ च्या अर्थसंकल्पात सांगितलं होतं. आपल्या गावात ती कुठं, कोणत्या वयाला, किती पैशात मिळते, हे आशाताईंना आणि उपकेंद्राच्या सिस्टरना विचारायचं. एकदा विचारून थांबायचं नाही. कोणत्या लसीचे किती डोस, तेही त्यांनाच विचारा. आणि फॉर्मवर सही करण्याआधी तो वाचून घ्या, वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. विचारणं हा आपला हक्क आहे. लस घेतलेल्या मुलींनाही तिशीनंतर तपासणी करावीच लागते, हेही लक्षात ठेवा.

आता आपल्या दारातलं बोलू. ३० वर्षांवरच्या बायकांची तोंडाची, छातीची आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. साधारण पाच वर्षांतून एकदा ती करायची असं ठरलेलं आहे. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या मावश्यांनी तोंडाची तपासणी चुकवायची नाही.

पिशवीच्या तोंडाच्या तपासणीची भीती सगळ्याजणींना वाटते. आम्हालाही वाटली होती. खरं सांगतो, पाच-सात मिनिटांचं काम असतं. बाळंतपणाच्या वेळी झोपतो तसं झोपायचं. सिस्टर एक साधन घालून औषधाचा बोळा लावतात आणि मिनिटभर थांबतात. पांढरा डाग उठला नाही, तर उठून घरी. थोडं अवघडल्यासारखं होतं, दुखत फारसं नाही. पाळी चालू असताना जाऊ नका.

पांढरा डाग उठला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. पुष्कळदा ती नुसती सूज असते, कधी पुढं कॅन्सर होऊ शकेल असा बदल असतो. त्यासाठी मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीनं पाहतात आणि गरज पडली तर डाग गरम टोकाच्या छोट्या यंत्रानं किंवा थंड वायूनं घालवतात. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येता येतं. म्हणून कुणी लगेच 'पिशवी काढून टाका' म्हणालं, तर घाई करू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, हे २०१९ साली सगळ्या राज्यानं ऐकलं. रिपोर्ट मागा आणि दुसऱ्या डॉक्टरना दाखवा.

आमच्याच एका काकूंचं सांगतो. मागच्या वर्षी शिबिरात त्यांना डाग निघाला. तालुक्याला जायची चिठ्ठी मिळाली. ती चिठ्ठी पाच महिने देव्हाऱ्यातल्या डबीत राहिली. आधी सोयाबीनची काढणी, मग नातवाचं बारसं, मग घरचे म्हणाले, काही दुखत नाही तर कशाला जायचं. खरी अडचण निराळीच होती. एस.टी.चे पैसे मागायचे तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायची लाज. हे आम्हाला कळलं तेव्हा आम्ही दोघी त्यांच्याबरोबर गेलो. डाग घालवून संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. येताना काकूंनी आम्हाला स्टँडवर भजी खाऊ घातली. म्हणाल्या, 'एवढ्यासाठी मी पाच महिने झोपले नाही होय गं?'

दुसऱ्या एका शिबिराचा अनुभव वाईट होता. चाळीसजणी रांगेत उभ्या राहिल्या, तपासणी झाली, फोटो निघाले, आणि निकाल कुणाच्याच हातात पडला नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे. लेखी निकाल हातात घेतल्याशिवाय शिबिरातून हलायचं नाही.

आता पुढच्या तारखा. कागद-पेन्सिल असेल तर घ्या, नाहीतर लेकीला लिहायला सांगा.

येत्या ४ फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन आहे. त्या सुमारास बऱ्याच आरोग्य केंद्रांत तपासणी ठेवतात. आपल्या केंद्रात ती कधी आहे, हे आशाताईंना आत्ताच विचारून ठेवा. ८ मार्चला महिला दिन. दरवर्षी आपण रांगोळी आणि संगीत खुर्ची घेतो, तीही घेऊ, पण त्या दिवशी गटातल्या तिशीवरच्या सगळ्याजणींची तपासणी झाली का, ते मोजू. ३१ मे तंबाखूविरोधी दिन, मिश्रीच्या डब्या बाहेर काढायचा दिवस. ऑक्टोबर महिना स्तनाच्या कॅन्सरच्या माहितीचा. आणि १७ नोव्हेंबर. २०२० साली याच तारखेला जागतिक आरोग्य संघटनेनं पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर संपवायचा कार्यक्रम जाहीर केला. २०३० पर्यंत शंभरातल्या ९० मुलींना लस, ७० बायकांची चांगली तपासणी आणि रोग सापडलेल्या ९० जणींना उपचार, असं त्यात ठरलं आहे. आपल्या देशात २०२२ च्या अंदाजाप्रमाणे वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा रोग होतो आणि जवळपास ८० हजार बायका जातात. आपल्या गटात शंभरातल्या किती, हे आपण आपल्या वहीत पाहू शकतो.

आमच्या गटानं तीन गोष्टी ठरवल्या आहेत, पटल्या तर तुम्हीही करा. एक, बचतीच्या वहीत नावापुढं एक नवा रकाना आखला आहे. त्यात शेवटच्या तपासणीची तारीख लिहायची. फक्त तारीख. निकाल ज्याचा त्याच्यापाशी, तो मीटिंगमध्ये वाचायचा नाही. दोन, तालुक्याला जाण्याचं गाडीभाडं गट देईल, व्याजाशिवाय, कारण न विचारता, आणि सोबत एकजण जाईल. तीन, आजारपणासाठी कर्ज मागायला कुणी आली, तर एकजण तिला बाजूला घेऊन हळूच विचारेल, 'काय होतंय गं?' उपचाराचा खर्च निघालाच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे पुष्कळ उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटायचं.

आणि एक गोष्ट शिबिराची वाट न पाहता करायची. पाळी गेल्यावर लाल जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसत असेल, वास येणारं पाणी जात असेल, छातीत गाठ लागत असेल, तोंडातली जखम तीन आठवडे बरी होत नसेल, तर तारखेची वाट पाहू नका. उद्याच जा.

आमच्या वहीत त्या ताईचं पान अजून आहे. नवा रकाना आखताना तिच्या नावापुढची जागा रिकामी राहिली. तिच्या खालच्या ओळीवर आता तिच्या सुनेचं नाव आहे, आणि तिच्यापुढं तारीख लिहिलेली आहे.

पुढच्या मीटिंगला तुमची वही उघडली, की एक रेघ तुम्हीही ओढा. पुन्हा भेटू. नमस्कार.